सोर्समधून ओपनएसएसएच बसवताय? या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाचा सर्व्हर मी सांभाळतो. २०१९ च्या महापुराचा धसका घेऊन त्यांनी तो तळमजल्यावरून माळ्यावरच्या खोलीत हलवला. खोलीची किल्ली मालकांकडे आणि मालक राहायला हरिपूरला. म्हणजे मला आत जायला एकच वाट, एसएसएच, म्हणजे दुरून सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय. जुलै २०२४ मधल्या एका रात्री ती सोय पुरवणारा ओपनएसएसएच हा प्रोग्राम सोर्समधून, म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल करून बसवताना ती वाट मी स्वतःच्या हातानं बंद केली. भर पावसात मिरजेहून गाडी काढली, मालकांना उठवलं. किल्ली देताना ते एवढंच म्हणाले, "घरबसल्या हुतंय म्हणाला हुता न्हवं?"

गंमत म्हणजे कंपाइल करताना एकही एरर आली नव्हती. सोर्समधून बसवताना खरा घोळ बहुतेक वेळा कंपाइल झाल्यावरच सुरू होतो. जुना एसएसएचडी (सर्व्हरवर कनेक्शनची वाट बघणारा ओपनएसएसएचचा भाग) आणि नवा एसएसएचडी एकाच घरात नांदायला लागतात आणि कुठली फाइल कुणाची, हे आपल्यालाच कळेनासं होतं.

गरज नसताना बसवणं

त्या जुलैच्या १ तारखेला ओपनएसएसएचमधली 'रिग्रेशन' नावाची त्रुटी जाहीर झाली. ग्लिबसी ही सी लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर ८.५पी१ ते ९.७पी१ या आवृत्त्यांना तिचा धोका होता आणि ९.८पी१ मध्ये ती दुरुस्त झाली. माझ्या सर्व्हरवर डेबियन १२, म्हणजे ९.२पी१. आकडा बघूनच मी घाबरलो आणि ९.८ चा सोर्स उतरवला. डेबियननं दुरुस्ती त्याच दिवशी आपल्या ९.२ मध्येच घालून दिली होती, ते मी बघितलंच नाही. साधा अपडेट मारला असता तरी भागलं असतं.

डेबियनसारख्या लिनक्सच्या डिस्ट्रो आवृत्तीचा आकडा तोच ठेवतात आणि सुरक्षेचे पॅच मागच्या दारानं आत घेतात. पतसंस्थांच्या ऑडिटमध्ये स्कॅनर नुसता आकडा वाचून लाल शेरा मारतो, तेव्हा आधी पॅकेजचा चेंजलॉग उघडा, त्यात त्या त्रुटीचा सीव्हीई क्रमांक (जाहीर त्रुटींना मिळणारा नोंदणी क्रमांक) शोधा आणि तोच ऑडिटरला दाखवा. एकदा सोर्समधून बसवलं की पुढच्या प्रत्येक त्रुटीची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते. अपडेट बंद झालेलं जुनं मशीन असेल किंवा नवं फीचर हवंच असेल, तरच हा खटाटोप करा.

चुकीची फाइल, चुकीची बेरीज

ओपनएसएसएच मुळात ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमचं. लिनक्ससाठी 'पोर्टेबल' आवृत्ती लागते आणि तिच्या नावात पी१ असं शेपूट असतं. ते नसलेली फाइल उतरवलीत तर कंपाइलची तयारी करणारी कॉन्फिगर स्क्रिप्टच सापडणार नाही.

पुढं चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते ताडायची बेरीज. रिलीजच्या घोषणेत दिलेला शा-२५६ बेस६४ मध्ये असतो आणि आपली शा२५६सम कमांड हेक्समध्ये ६४ अक्षरं दाखवते. दोन्ही जुळत नाहीत म्हणून चारचारदा डाउनलोड करणारे मी पाहिलेत. बायनरी डायजेस्ट काढून त्याचं बेस६४ करा, मग ताडा. त्यापेक्षा सोबतच्या एएससी फाइलनं पीजीपी सही तपासलेली बरी.

झेडलिब, ओपनएसएसएल आणि पॅम (लॉगिन तपासणारी लिनक्सची यंत्रणा) यांची नुसती लायब्ररी पुरत नाही, त्यांची कंपाइलला लागणारे हेडर देणारी डेव्ह पॅकेजं लागतात. कॉन्फिगर मध्येच थांबलं तर पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवर तर्क लढवू नका, कॉन्फिग.लॉग वाचा. ओपनएसएसएलचे हेडर आणि लायब्ररी जुळत नाहीत अशी तक्रार आली, तर मशीनवर ओपनएसएसएलच्या दोन प्रती आहेत असं समजा.

माझी चूक नेमकी कुठं झाली

कॉन्फिगरला काहीच सांगितलं नाही तर तो सगळं /यूएसआर/लोकल खाली टाकतो. बायनरी तिथं असायला माझी हरकत नाही, उलट तेच योग्य, कारण /यूएसआर मध्ये टाकलेली बायनरी पुढचा पॅकेज अपडेट पुसून टाकतो. पण सेटिंगची फाइलही नवा एसएसएचडी /यूएसआर/लोकल/ईटीसी मध्येच शोधतो. माझी जुनी सेटिंग /ईटीसी/एसएसएच मध्ये होती आणि त्यात पोर्ट २२२२. राउटरवरही तेवढंच उघडं. नव्यानं स्वतःची कोरी फाइल वाचली आणि निवांत २२ वर जाऊन बसला. सेवा सुरू, लॉग स्वच्छ. 'एसएसएचडी डॅश टी'नं तपासलं तरी सगळं ठीक, कारण तपासली तीही कोरीच फाइल! मी खुशीत सेशन बंद केलं आणि पुन्हा आत जायला गेलो तर कनेक्शनच होईना.

म्हणून कॉन्फिगरला सिसकॉन्फडिर, म्हणजे सेटिंगचं फोल्डर, म्हणून /ईटीसी/एसएसएच द्या. यानं सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या होस्ट कीही जुन्याच राहतात. नाहीतर मेक इन्स्टॉल नव्या जागी नव्या की बनवतं आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक क्लायंटवर होस्टची ओळख बदलल्याचा भलामोठा इशारा झळकतो. त्यावर नोन-होस्ट्स या ओळखीच्या सर्व्हरांच्या यादीतली ओळ डोळे झाकून पुसायची सवय दुकानातल्या पोरांना लागली, तर तो इशारा असून नसल्यासारखाच. शिवाय कॅपिटल टी देऊन नवी बायनरी चालवा. कुठलं पोर्ट आणि कुठली की ती खरोखर धरतेय, ते सगळं छापून येतं. मी लहान टीवर समाधान मानलं, तिथंच फसलो.

जुनी फाइल नव्याला दिली की दुसरं दुखणं. डेबियननं स्वतः जोडलेले पर्याय, उदाहरणार्थ डेबियनबॅनर, मूळ ओपनएसएसएचला माहीतच नसतात. तसली ओळ फाइलमध्ये असेल तर तो सुरूच होत नाही. पॅम मात्र याहून फसवा. ते मुद्दाम मागितल्याशिवाय कंपाइल होत नाही. मग फाइलमधल्या यूजपॅमवर फक्त एक इशारा येतो, सेवा सुरू होते आणि पॅमवर बसवलेला ओटीपी चालत नाही.

नुसती बायनरी उचलणं

एका मशीनवर बनवलेली एसएसएचडी फाइल दुसऱ्यावर कॉपी करायची, हा शॉर्टकट पूर्वी खपून जायचा. ९.८ पासून एसएसएचडी फक्त दारावर ऐकत बसतो, आत आलेल्याचं काम एसएसएचडी-सेशन नावाची वेगळी बायनरी करते. १०.० मध्ये त्यात एसएसएचडी-ऑथची भर पडली. या बायनरी लिबएक्झेक फोल्डरमध्ये नसतील तर लॉगिन होणार नाही. प्रिव्हिलेज सेपरेशनसाठी, म्हणजे जोखमीचं काम कमी अधिकारांत वेगळं चालवण्यासाठी, एसएसएचडी नावाचा युजर लागतो आणि /व्हार/एम्प्टी हे फोल्डर रूटच्याच मालकीचं असावं लागतं. ग्रुपला किंवा इतरांना तिथं लिहायची मुभा नको.

९.८ च्या आधीची आवृत्ती बनवणार असाल तर सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या) युनिट फाइलमध्ये टाइप नोटिफाय आहे का ते बघा. जुन्या मूळ सोर्सला 'मी तयार आहे' असं सिस्टमडीला कळवता येत नाही. सिस्टमडी ९० सेकंद वाट बघतो आणि चांगला चालणारा एसएसएचडी मारून टाकतो. डिस्ट्रो यासाठी आपला पॅच लावत आणि लिबसिस्टमडी ही सिस्टमडीची लायब्ररी जोडत. मार्च २०२४ मध्ये उघड झालेला एक्सझेड या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरमधला बॅकडोअर (लपवून ठेवलेली चोरवाट) त्याच वाटेनं एसएसएचडीपर्यंत पोचला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरनी पिच्छा पुरवला म्हणून तो सापडला. ९.८ मध्ये 'तयार आहे' कळवायची सोय मूळ सोर्समध्येच आली, तीही लिबसिस्टमडीशिवाय.

नव्यानं जुन्याशी बोलणं

कुपवाडच्या एमआयडीसीत अजून दहा-बारा वर्षांपूर्वीचे नेटवर्क स्विच चालू आहेत. ८.८ पासून शा-१ वरची एसएसएच-आरएसए सही मुळातच बंद असते, त्यामुळे नवा क्लायंट 'होस्ट कीचा प्रकार जुळत नाही' म्हणत माघारी फिरतो. ती सही सगळ्यांसाठी उघडू नका. क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये त्या एका स्विचच्या नावाखाली तेवढीच परवानगी द्या.

आता माझा क्रम असा. जुनी सेवा तशीच चालू ठेवतो. नवा एसएसएचडी पूर्ण पाथ देऊन, डीबग मोडमध्ये, दुसऱ्याच पोर्टवर उठवतो. नुसतं नाव दिलं तर तो चालायलाच नकार देतो. ते पोर्ट राउटरवर तात्पुरतं उघडून बाहेरून, मोबाइलच्या इंटरनेटवरून आत येऊन बघतो, कारण दुकानाच्या लॅनमधून केलेली चाचणी राउटरबद्दल काहीच सांगत नाही. मग ठरल्या वेळी काम करणाऱ्या ॲट कमांडला सांगून ठेवतो की दहा मिनिटांनी जुनी युनिट फाइल जागेवर ठेव, ती पुन्हा वाचायला लाव आणि सेवा रीस्टार्ट कर. त्यानंतरच बदल करतो. पहिली खिडकी उघडी ठेवून दुसरीतून लॉगिन झालं की ॲटचं काम रद्द करतो. नाही झालं, तर दहा मिनिटं चहा पीत बसायचं.