वॉरंटीतील गाडी इंजिन तापल्यावर बंद पडते, पण सर्व्हिस सेंटर ‘दोष आढळला नाही’ म्हणते: माझा अनुभव

माझी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी इंजिन तापल्यावर सिग्नलला झटका देऊन बंद पडत असे आणि थंड झाली की निमूट सुरू होत असे. थ्रॉटल बॉडीची (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणाऱ्या भागाची) सफाई, सॉफ्टवेअर अपडेट आणि ग्राहक सेवेला पाठवलेले ईमेल यांपैकी कशाचाही उपयोग झाला नाही. वर्कशॉपमध्ये गाडी थंडच तपासली जाई, हे विशेष संतापजनक होते.

उपयोग झाला तो पुढील क्रमाने. प्रथम, प्रत्येक जॉब कार्डवर (गाडी दुरुस्तीला देताना सर्व्हिस सेंटर भरते त्या कागदावर) तक्रार माझ्याच शब्दांत, ‘इंजिन तापल्यावर’ या उल्लेखासह लिहून घेतली व सहीची प्रत ठेवली. पुढे सर्वाधिक वजन याच कागदांना आले. नंतर विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही स्पीड पोस्टने मुदतीची नोटीस पाठवली व १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तरीही दाद न मिळाल्यावर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ खाली, मी राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून दोघांविरुद्ध तक्रार दाखल केली. गाडीची किंमत पाच ते दहा लाखांच्या दरम्यान असल्याने शुल्क २०० रुपये लागले. सोबत कलम ३८(२)(c) प्रमाणे गाडीची तांत्रिक तपासणी करून घेण्याचा अर्ज जोडला.

या अर्जानंतरच कंपनीने तडजोडीची तयारी दाखवली, आणि गिअरबॉक्सचे नियंत्रण युनिट विनामूल्य बदलून वाढीव वॉरंटी लेखी दिल्यावर ती तडजोड आयोगापुढे नोंदवून घेतली. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे असते.