लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करण्याआधीची तयारी

ओव्हरक्लॉक म्हणजे कार्डचा क्लॉक, म्हणजे चालायचा वेग, कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वर नेणं. सगळ्यात आधी कार्डला किती वॅट मिळतात ते शोधून काढा, नुसतं नाव बघून काही कळत नाही. आरटीएक्स 4060 लॅपटॉप घ्या, एनव्हिडियाच्या स्पेसिफिकेशनमध्ये हे एकच कार्ड 35 पासून 115 वॅटपर्यंत दिलंय, म्हणजे एका बारीक लॅपटॉपमधलं 4060 आणि एका जाडजूड गेमिंग लॅपटॉपमधलं 4060 यांचं नाव सोडलं तर फारसं काही जुळत नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर म्हणून आकडा दिसतो तो लिहून ठेवा. डेस्कटॉपवाले पॉवर लिमिटचा स्लायडर वर सरकवून मोकळे होतात, आपल्याकडे तो स्लायडर बहुतेक वेळा लॉक असतो कारण ती मर्यादा कार्डच्या व्हीबायोसमध्येच (कार्डच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) बसवलेली असते. आणि हो, दुसऱ्या मॉडेलचा व्हीबायोस फ्लॅश करा, म्हणजे आपल्या कार्डवर चढवा, असं सांगणारे बरेच भेटतील, बहुतेक लॅपटॉपमध्ये कार्ड मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असतं, बिघडलं तर काढून दुसरं लावता येत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका.

मग टूल्स. क्लॉक बदलायला एमएसआय आफ्टरबर्नर (लॅपटॉप एमएसआयचाच पाहिजे असं काही नाही), आकडे बघायला जीपीयू-झेड आणि एचडब्ल्यूइन्फो, आणि टेस्टसाठी सुपरपोझिशन किंवा टाइम स्पाय, एवढं पुरे. आफ्टरबर्नर अधिकृत साइटवरूनच घ्या, त्याच्या नावाच्या नकली साइट्स काढून लोकांच्या मशीनमध्ये मायनर (चोरून क्रिप्टो कमावणारे प्रोग्रॅम) घुसवायचे प्रकार झालेत. लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं कंट्रोल सॉफ्टवेअर असेल तर त्यातल्या टर्बो मोडमध्ये आधीच थोडं ओव्हरक्लॉक असू शकतं ते बघा, दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी क्लॉक सेट करायला लागली की नक्की कोणाचं चालतंय तेच कळत नाही. क्लॉकचे स्लायडरच हलत नसतील तर बायोस आणि ड्रायव्हर तपासा. 2015 च्या सुरुवातीला एनव्हिडियाने ड्रायव्हरमधून लॅपटॉपचं ओव्हरक्लॉकिंगच बंद केलं होतं, लोकांनी आरडाओरडा केल्यावर परत चालू केलं.

आता उष्णता, आणि खरं सांगायचं तर निम्मी तयारी हीच आहे. फॅन आणि जाळीतली धूळ काढा, हवेचा फवारा मारताना फॅनचं पातं हलक्या हाताने धरून ठेवा नाहीतर ते भरमसाट वेगाने फिरून बेअरिंगची वाट लागते, उघडलंच आहे तर बॅटरी फुगलेली नाही ना तेही बघून घ्या. लॅपटॉप दोन-तीन वर्षांचा असेल आणि फॅन बोंबलूनही तापमान उतरत नसेल तर थर्मल पेस्ट (चिप आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलायची वेळ आलीय, पण वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी तिच्या अटी वाचा. लॅपटॉप कडक टेबलावर, मागची बाजू थोडी उचललेली, अ‍ॅडॅप्टर मूळचाच आणि लावलेला, कारण बॅटरीवर कार्डची वीज खूपच कापली जाते आणि तिथे केलेल्या टेस्टला काही अर्थ नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच हीटपाइपवर असतात, प्रोसेसर तापला की ग्राफिक्सही तापतं, म्हणून विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट 99 टक्के करून बघा, त्याने बहुधा प्रोसेसरचा टर्बो (वेग आपोआप वाढवणं) बंद होतो आणि कधी कधी एवढ्यानेच ग्राफिक्सचं तापमान बऱ्यापैकी खाली येतं.

काहीही बदलायच्या आधी स्टॉक (कंपनीच्या मूळ) सेटिंगवर अर्धा तास टेस्ट चालवा. पहिली पाच मिनिटं धरू नका, तेव्हा मशीन थंड असतं आणि सगळे आकडे गोड दिसतात. स्कोअर, तापमान, क्लॉक, वॅट लिहून घ्या आणि जीपीयू-झेडच्या सेन्सर्समध्ये परफकॅप रीझन बघा, तिथे कळतं की कार्ड कशामुळे अडतंय. थर्मल दाखवत असेल तर ओव्हरक्लॉक विसरा, आधी कूलिंग. पॉवर दाखवत असेल, आणि लॅपटॉपवर बहुतेक वेळा हेच दिसतं, तर नुसता कोअर (मुख्य चिपचा) क्लॉक वाढवून मोठं काही हाती लागणार नाही, तेवढ्याच वॅटमध्ये जास्त क्लॉक बसवायला व्होल्टेज कमी करावं लागतं. विजेचा खप साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे थोडं व्होल्टेज उतरवलं तरी बरीच जागा मोकळी होते. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा, व्होल्टेज आणि क्लॉकचा कर्व्ह उघडतो, एखादा बिंदू, समजा 850 मिलिव्होल्टचा, हव्या त्या क्लॉकवर उचला आणि त्याच्या उजवीकडचं सगळं सपाट करा. माझ्या मते लॅपटॉपवर आधी हेच करावं, साधे स्लायडर नंतर.

स्लायडरनेच करायचं असेल तर कोअर आणि मेमरी एकदम हलवू नका. कोअर 50 मेगाहर्ट्झने सुरू करा, मग 15-25 च्या पायऱ्यांनी वर, प्रत्येक पायरीला टेस्ट. मेमरी 100-100 ने, आणि इथे एक गंमत आहे, जीडीडीआर6 मेमरी चुका पकडून डेटा परत पाठवते, त्यामुळे जास्त ताणली तरी क्रॅश न होता नुसता स्कोअर घसरतो, म्हणून प्रत्येक वेळी स्कोअर लिहायचाच. मेमरी वाढवली की तिची जादाची वीजही त्याच वॅटच्या कोट्यातून जाते हे लक्षात असू द्या. फरमार्कवर (कार्डवर कमाल ताण टाकणारा टेस्ट प्रोग्रॅम) स्थिरता तपासू नका, तो कार्डला लगेच पॉवर लिमिटला नेऊन क्लॉक खाली पाडतो आणि तुमचा वरचा क्लॉक तपासलाच जात नाही, त्यापेक्षा रोजचा गेम तास-दोन तास खेळा.

टेस्टच्या आधी उघडी कामं सेव्ह करा, महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप घ्या, सेफ मोडमध्ये कसं जायचं ते आधीच माहीत करून ठेवा. कार्डने दोन सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं, स्क्रीन काळी होऊन परत येते, असं झालं तर क्लॉक खाली आणा आणि रीस्टार्ट करूनच पुढची टेस्ट घ्या. स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चमकणारे त्रिकोण दिसले तरी तेच करायचं. विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागू होण्याचं बटण चार-पाच दिवस सगळे गेम नीट चालेपर्यंत बंदच ठेवा, आणि उन्हाळा आला किंवा ड्रायव्हर अपडेट झाला की टेस्ट पुन्हा एकदा चालवून बघा.