गावातल्या अंगणवाडीला पाळणाघराची जोड: शासकीय निधी कसा मागावा

अंगणवाडी साधारणपणे चार तास चालते आणि खुरपणीला गेलेल्या आईचा दिवस आठ-नऊ तासांचा असतो. उरलेल्या वेळात तान्हे मूल बांधावरच्या झाडाला टांगलेल्या साडीच्या झोळीत असते, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर असते आणि तिची शाळा बुडते. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र शासनाची ‘पाळणा’ योजना आहे. २००६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना म्हणून सुरू झालेले हे काम २०१७ पासून राष्ट्रीय पाळणाघर योजना या नावाने चालले आणि २०२२ मध्ये ते महिलांसाठीच्या ‘मिशन शक्ती’ या केंद्रीय योजनेतील ‘सामर्थ्य’ या भागात समाविष्ट झाले. आता भर आहे तो अंगणवाडीतच पाळणाघर चालवण्यावर, म्हणजे ‘अंगणवाडी-सह-पाळणाघरा’वर. देशभरात अशी १७,००० केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रासाठी खर्चाचा वाटा केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असा आहे.

प्रस्ताव लिहायला बसण्यापूर्वी हा निधी कशासाठी मिळतो ते नीट समजून घ्यावे. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या, साधारण २५ मुलांमागे एक पाळणा सेविका आणि एक मदतनीस, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास, असा या केंद्राचा आराखडा आहे. झोपण्याची सोय, पूरक आहार, तीन वर्षांखालील मुलांसाठी खेळ व संवाद, त्यावरील मुलांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षण, वजन-उंचीची नोंद, आरोग्य तपासणी आणि लसीकरण या सेवा त्यात येतात. अंगणवाडी-सह-पाळणाघरात पाळणा सेविकेला दरमहा ५,५०० रुपये आणि मदतनीसाला ३,००० रुपये मानधन आहे. मूळ अंगणवाडी सेविकेला १,५०० आणि तिच्या मदतनीसाला ७५० रुपये जादा मिळतात. दिवसभर तान्ही मुले सांभाळण्याच्या कष्टाला ही रक्कम तोकडी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु नवी माणसे नेमण्याची तरतूद आहे, हीच या योजनेची खरी ताकद आहे. म्हणून मागणी करताना खोलीपेक्षा मनुष्यबळाचा आग्रह आधी धरावा. ‘आहे त्याच सेविकेने आणखी चार तास थांबावे’ अशी तडजोड कोणी सुचवली तर ती मान्य करू नये, कारण त्यात सेविकेवर अन्याय होतो आणि मुलांकडेही धड लक्ष राहत नाही.

सर्वांत जास्त वेळ मुलांच्या यादीला द्यावा. अंगणवाडी सेविका, आशा आणि बचत गटातील दोघी-तिघींनी मिळून घरोघरी जावे आणि प्रत्येक मुलाची जन्मतारीख, आईचे काम, ती घरातून निघण्याची व परतण्याची वेळ, कामाचे महिने आणि सध्या मूल कोण सांभाळते, अशी नोंद घ्यावी. ‘गावात पाळणाघराची नितांत गरज आहे’ या वाक्यापेक्षा ‘आई सकाळी आठला निघते, सहाला परतते, दहा महिन्यांचे मूल चौथीतल्या बहिणीकडे असते’ ही एक ओळ अधिकाऱ्याला अधिक सांगून जाते. हंगामी कामासाठी बाहेरगावी जाणारी कुटुंबे वेगळी दाखवावीत, नाहीतर पाहणीच्या दिवशी यादीतली मुले सापडत नाहीत आणि संपूर्ण प्रस्तावावरच शंका घेतली जाते. अंगणवाडीच्या नोंदवहीशी ही यादी ताडून पाहावी.

त्यानंतर ठराव करावा. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. ती कागदोपत्री उरकू न देता तिथेच हा विषय मांडावा आणि मग ग्रामसभेत ठराव मंजूर करून घ्यावा. ठरावात मुलांची संख्या, नियोजित जागा, अपेक्षित वेळ आणि ग्रामपंचायत स्वतः काय देणार, हे नेमके लिहावे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी लागते. तिच्यातून सतरंज्या, पाळणे, खेळणी, पाण्याची टाकी किंवा मानधनाला पूरक रक्कम देता येते का, याचा निर्णय याच वेळी करून घ्यावा.

जागेची पाहणी करताना रांगणाऱ्या मुलाच्या उंचीवर बसून खोलीकडे पाहावे. उघडी वायर, फरशीची धारदार कड, दाराबाहेरची पायरी, झाकण नसलेला हौद, हे सारे तेव्हाच नजरेत भरते. स्वयंपाकाची जागा मुलांच्या खोलीपासून वेगळी असावी, शौचालयात पाणी असावे आणि तान्ह्यांना निजायला हवेशीर कोपरा असावा. जे नाही ते प्रस्तावात दुरुस्तीच्या अंदाजपत्रकासह मोकळेपणाने नमूद करावे.

यादी, ठरावाची प्रत, जागेची छायाचित्रे आणि अंदाजपत्रक जोडून प्रस्ताव मुख्यसेविकेमार्फत (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेमार्फत) तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे सादर करावा आणि त्याची एक प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाला द्यावी. दोन्ही ठिकाणी आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय परतू नये. पुढील पत्रव्यवहारात प्रत्येक वेळी तोच क्रमांक लिहावा. प्रस्ताव कुठे अडला हे तोंडी कळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा; त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे.

मंजुरी मिळाल्यावर पाळणा सेविका आणि मदतनीस यांची निवड विभागाच्या निकषांप्रमाणेच होऊ द्यावी आणि त्यांचे प्रशिक्षण केंद्र उघडण्यापूर्वी मागून घ्यावे. मुलांची हजेरी, आहार, साठा आणि खर्च यांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात, कारण उपयोगिता प्रमाणपत्र (मिळालेला निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) रखडले की पुढचा हप्ता रखडतो आणि त्याची झळ सर्वांत आधी मानधनाला बसते. मूल न्यायला कोण येणार, त्या व्यक्तीचे नाव व दूरध्वनी क्रमांक नोंदवहीत आईच्या सहीने लिहून घ्यावा आणि दुसऱ्या कोणाच्याही हाती मूल सोपवू नये.