सोळा स्क्रू आणि एक भेग

पटाशी कुठली घेऊ, सागवान की प्लाय, सांधा कुठला, असं सुतारकाम शिकू बघणाऱ्या कुणी विचारलं की मी आधी माझं टेबल उलटं करून दाखवतो.

नागपुरात, भर जुलैत केलेलं. साग बल्लारशाचा, असं विकणारा म्हणाला, असेलही. पाय आणि पट्ट्या कुसू-भोकाने जोडल्या (कुसू म्हणजे पट्टीच्या टोकाला कोरलेली जीभ, ती पायातल्या भोकात बसते), कुसू जाडीच्या एक तृतीयांश, सगळं पुस्तकाबरहुकूम. चार फळ्या कडेला कड चिकटवून अडीच फूट रुंद टॉप केला आणि हलू नये म्हणून खालून सोळा स्क्रू आवळले. एप्रिलमध्ये रात्री दीड वाजता खोलीत फट्‌ आवाज झाला. सकाळी भेगेत पोस्टकार्ड जात होतं.

ज्यांच्याकडे शिकत होतो ते मिस्त्रीकाका खाली वाकले, स्क्रू मोजले आणि म्हणाले, “चोर बांधलाय का रे?”

हे एकच नीट समजून घ्या, बाकी चुका परवडतात. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सागाची ओल 6 टक्क्यांनी उतरली तर अडीच फूट रुंदीत 4 ते 8 मिलिमीटर फरक पडतो. फळी ओंडक्यातून कशी चिरली आहे त्यावर कमी किंवा जास्त. साग इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी हलतो, तरी एवढं. आता माझ्या टेबलाखालची आडवी पट्टी बघा. तिचे रेषे टॉपच्या रेषांना काटकोनात, म्हणजे तिची लांबी तेवढीच राहणार आणि वरची रुंदी आक्रसणार. दोघांना स्क्रूंनी जखडलं, मग फाटायला जागा एकच उरली. फळ्या एकमेकींना चिकटवल्या ते मात्र बरोबर होतं, रेषे एकाच दिशेचे. भेग सांध्यावर पडलीच नाही, फळीच्या मधोमध पडली.

उपाय फुकटचा आहे. मधला स्क्रू पक्का, बाकीच्यांची पट्टीतली भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करा आणि स्क्रूखाली वायसर घाला. किंवा पट्टीच्या आत खाच पाडून लाकडी गुटके अडकवा, स्क्रू गुटक्यातून टॉपमध्ये जातो आणि गुटका खाचेत सरकतो. जुन्या दारांत मधली फळी खाचेत सैल सोडलेली असते, ती याचसाठी. ती चिकटवू नका. खरंच नका.

प्लायला ही भानगड नाही, कारण तिचे थर आलटून-पालटून आडवेउभे असतात. म्हणून पहिलं कपाट खुशाल प्लायचं करा. सिंकखाली वापरणार असाल तर शिक्का आयएस 710 चा बघा, तो ओल सोसणाऱ्या मरीन प्लायचा; 303 चा, म्हणजे साध्या वापराच्या प्लायचा, नको. प्लाय म्हणजे कमीपणा असं मानणारे मला आवडत नाहीत; मीही तसाच होतो.

हत्यारांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पाव, अर्धा आणि एक इंची पटाशी, एक रंधा, बारीक दातांची करवत, गुण्या, मार्किंग गेज. कुसूच्या भोकाची रुंदी पटाशीएवढीच ठेवा, मापं आपोआप जुळतात. बावीस नगांचा सेट मी घेतला होता, सतरा नग अजून ग्रीस लावलेले आहेत. त्या पैशांत धारेचा चांगला दगड आला असता. बोथट पटाशीने हात कापतो, धारदारने लाकूड. पॉकेट होलचा जिग, म्हणजे तिरकी भोकं पाडून नुसत्या स्क्रूने सांधा जोडायचा साचा, आत्ताच घेऊ नका, नाहीतर कुसू कधीच शिकणार नाही. व्हिडिओ बघा, पण महिनाभर एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली भुसा झाडा. ते समजावून सांगत नाहीत, फक्त हातातून रंधा काढून घेतात. तेवढं पुरतं.

आणि घाबरू नका. माझे पहिले सहा सांधे डुगडुगत होते, पाचर मारून बसवले, अजून उभे आहेत.

त्या भेगेत मी मे महिन्यात सागाची पट्टी चिकटवली, खुशीत पॉलिश मारलं. स्क्रू तसेच ठेवले, आळस. ऑगस्टमध्ये टॉप फुगला आणि मधेच उंटाच्या पाठीसारखा उचलला गेला. तेव्हा कुठे ड्रिल काढून पंधरा भोकं लांबट केली.