१:८७ प्रमाणाची मोजपट्टी घरी करताना : माझा अनुभव

आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) बनावटीच्या रेल्वे डब्याची १:८७ प्रमाणातील प्रतिकृती करताना प्रत्येक माप ८७ ने भागत बसण्यापेक्षा त्या प्रमाणाची मोजपट्टीच छापून घ्यावी, असे मी ठरवले. एक मीटर म्हणजे ११.४९४ मिलिमीटर, या हिशेबाने इंकस्केप या चित्र आखण्याच्या संगणक-प्रणालीत २४ मीटरची पट्टी आखली. पहिल्या छापील पट्टीने कापलेल्या बाजूच्या भिंती मात्र पोलादी पट्टीने मापून केलेल्या तळापेक्षा सुमारे ७ मिलिमीटर आखूड भरल्या. मूळ डबा २१,३३७ मिलिमीटर लांब असल्याने भिंत २४५.३ मिलिमीटर यायला हवी होती.

आकडेमोड पुन्हा तपासली, ती बरोबर होती. मग छापील पट्टीच मोजली, तेव्हा ती २७५.९ ऐवजी जेमतेम २६८ मिलिमीटर निघाली. छपाईच्या खिडकीतील ‘पानात बसवा’ हा पर्याय आपोआप निवडला गेल्याने सगळे चित्र ३ टक्क्यांनी आक्रसले होते. ‘मूळ आकार’ निवडताच लांबी जुळली. छापील पट्टी चिकटवताना पातळ फेव्हिकॉल वापरू नये, कारण ओलाव्याने कागद ताणला जातो. मी दुहेरी चिकटपट्टीने ती ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवली. आता प्रत्येक पट्टीवर १०० मिलिमीटरची एक तपासणी-रेघ छापतो आणि ती पोलादी पट्टीशी ताडल्याशिवाय कापणीला हात लावत नाही.