रंगमंचाचं शूटिंग आणि ऑटोफोकस: या चुका टाळा

नाटक, नृत्य, गाण्याचा कार्यक्रम, कशाचंही फुटेज एडिटिंगला आलं की आवाज आणि प्रकाश बऱ्यापैकी सावरता येतो. फोकस सुटलेला शॉट मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट पूर्ववत होत नाही. आणि तो सुटण्याची कारणं दर वेळी तीच असतात. महागडा कॅमेरा घेतला की हा त्रास संपेल असं नवख्यांना वाटतं. पण कॅमेऱ्याला संहिता माहीत नसते. या क्षणी कोणाकडे बघायचं हे तुम्हालाच माहीत असायला हवं, आणि त्यासाठी रंगीत तालमीला जाऊन बसावं लागतं. तालमीला न येता थेट प्रयोगाला कॅमेरा लावणाऱ्यांच्या हाती मी क्लोजअप देत नाही.

वाइड कॅमेऱ्यावर ऑटोफोकस

अख्खा रंगमंच टिपणाऱ्या वाइड कॅमेऱ्याला याची गरजच नसते. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स, एफ/४ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि फोकस १५ मीटरवर ठेवला, तर साधारण ६ मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट दिसतं. अख्खा रंगमंच त्यात येतो. मग ऑटोफोकस चालू ठेवून काय मिळतं? पुढच्या रांगेतला कोणी उठला की फोकस त्याच्या डोक्यावर जातो, एवढंच. मॅन्युअलवर टाका, चित्र मोठं करून नटाच्या डोळ्यांवर फोकस तपासा आणि लेन्सच्या फोकस रिंगवर चिकटपट्टी लावा. रिंग शेवटपर्यंत फिरवून ‘इन्फिनिटी (सर्वांत दूरचा फोकस) झालं’ म्हणू नका. बऱ्याच ऑटोफोकस लेन्स इन्फिनिटीच्या थोड्या पलीकडेही फिरतात.

चेहरा ओळखण्याच्या सोयीवर सगळं सोडून देणं

एका कौटुंबिक नाटकाचं दोन कॅमेऱ्यांवर चित्रीकरण होतं. वाइड माझ्याकडे, क्लोजअप एका उत्साही नवख्या मुलाकडे. नेपथ्यात दिवाणखान्याच्या भिंतीवर आजोबांची मोठी तसबीर होती. पहिला अंक छान गेला. दुसऱ्या अंकात मुलगी वडिलांशी भांडता भांडता प्रेक्षकांकडे पाठ करते आणि बराच वेळ पाठमोरीच बोलते. तिचा चेहरा दिसेनासा होताच कॅमेऱ्याने दुसरा चेहरा शोधला, तो तसबिरीतल्या आजोबांचा. ती वळली की फोकस तिच्यावर, पुन्हा पाठ केली की आजोबांवर. छोट्या स्क्रीनवर त्या मुलाला सगळं स्पष्टच दिसत होतं. मोठ्या पडद्यावर पाहिलं तेव्हा तिचे केस आणि खांदे धूसर, आणि मागे आजोबांच्या मिशांचा केस न् केस मोजता येईल असा. अभिनेत्रीने जीव ओतून केलेला तो प्रवेश अखेर सगळा वाइडवर ठेवावा लागला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तालमीतच नेपथ्यावर नजर फिरवा. तसबिरी, मुखवटे, बाहुल्या, पोस्टर, यातल्या कशालाही कॅमेरा चेहरा समजू शकतो. गायकाच्या मागे एलईडी पडद्यावर त्याचाच भलामोठा चेहरा दिसत असेल तर फारच जपा. माझी सवय सांगते: एएफ/एमएफची (ऑटोफोकस/मॅन्युअल फोकस) अदलाबदल मी अंगठ्याखालच्या बटणावर ठेवते. नट वळतोय असं दिसलं की बटण दाबायचं, फोकस आहे तिथेच थांबतो. फोकसचं क्षेत्रही अख्ख्या फ्रेमचं न ठेवता लहान ठेवते.

ब्लॅकआउटमध्ये ऑटोफोकस चालू ठेवणं

ही माझ्या सर्वांत रागाची चूक आहे, कारण ती शंभर टक्के टाळता येते. काँट्रास्ट पद्धतीचा ऑटोफोकस लेन्स पुढेमागे फिरवून चित्र सर्वांत ठसठशीत कुठे होतं ते शोधतो. फेज डिटेक्शन या दुसऱ्या पद्धतीला कुठल्या दिशेने जायचं ते कळतं, पण त्यालाही प्रकाश आणि कडा लागतातच. दिवे गेले की दोघांनाही धरायला काही उरत नाही. लेन्स भरकटते, कधी पार जवळच्या टोकाला जाऊन बसते. दिवे परत लागतात तेव्हा सगळं इतकं धूसर असतं की कॅमेऱ्याला कडाच सापडत नाहीत. प्रवेशाचं पहिलं वाक्य हमखास यात वाया जातं.

मी संहितेच्या प्रतीवर प्रत्येक ब्लॅकआउटला पेन्सिलने खूण करते. त्याच्या आधीच्या वाक्याला फोकस लॉक करायचा. नवा प्रवेश दुसऱ्या अंतरावर सुरू होणार असेल तर ती जागा तालमीत रिंगवर खुणेने नोंदलेली असते. कंटाळवाणं काम आहे, पण याला दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

प्रकाश कमी असला की लोक आयएसओ वाढवून मोकळे होतात. त्याने चित्र उजळतं, लेन्समधून आत येणारा प्रकाश वाढत नाही. एफ/५.६ला एफ/२.८च्या फक्त चौथा हिस्सा प्रकाश मिळतो, आणि स्वस्त झूम लेन्स लांबच्या टोकाला तिथेच अडकलेल्या असतात. पण सगळं एफ/२.८वर घ्यायचंही जपून. २०० मिमीला, २० मीटरवरून, फुलफ्रेमवर पुढचंमागचं मिळून जेमतेम पावणेदोन मीटर अंतर स्पष्ट राहतं, एफ/४ला जवळपास अडीच. मी एफ/४ पसंत करते.

बाकीच्या, थोडक्यात

स्पॉटलाइटमध्ये चेहरा पांढराफटक होत असेल तर आधी एक्स्पोजर मॅन्युअली कमी करा. तपशीलच नसेल तर फोकस धरणार कशाला?

धूर आणि मागून येणारा प्रकाश एकत्र आले की मॅन्युअल. वाद नको.

ऑटोफोकसचा वेग आणि संवेदनशीलता सर्वांत वर ठेवू नका. समोरून कोणी गेलं की फोकस लगेच उडी मारतो.

झूम इन करून फोकस घ्यायचा आणि मग झूम आउट करायचं, ही युक्ती सगळ्या लेन्सवर चालत नाही. फोटोसाठीच्या बहुतेक झूममध्ये फोकस सरकतो.

मध्यंतरात कॅमेरा आपोआप बंद झाला तर मोटरवर चालणाऱ्या काही लेन्स फोकसची जागा विसरतात. ऑटो पॉवर ऑफ बंद ठेवा.

पीकिंगचे (फोकसमधल्या कडांवर कॅमेरा स्क्रीनवर दाखवतो ते) रंगीत ठिपके दिसले म्हणजे फोकस बरोबर असं नाही. काळ्या पडद्यापुढच्या काळ्या पोशाखावर ते फसवतात.

मोबाईलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस लॉक होतो, सोबत एक्स्पोजरही. दिवे बदलले की पुन्हा लॉक करा.

आणि चालू प्रयोगात फोकस गेलाच, तर मेनूत शिरू नका. झूम आउट करा, मॅन्युअलवर या, नटाच्या कपड्याची ठळक कडा पकडून रिंग सावकाश फिरवा. शॉट जुळला की पुन्हा हळूच आत जा. तोपर्यंत एडिटरला वाइड वापरू द्या.