विरळणीतला कोवळा साग किती ताकदीचा? मोडून बघा

बांधावरच्या सागाची विरळणी केली की आठ-दहा वर्षांचे सोट हाती येतात आणि वखारवाला ‘कोवळा माल’ म्हणून भाव पाडतो. त्याचं सगळंच खोटं नसतं. झाडाने पहिल्या काही वर्षांत धरलेल्या लाकडाचे तंतू आखूड असतात, ते लाकूड सुकताना वाकतंही जास्त. पण पाइनसारख्या झाडांत हा फरक जेवढा जाणवतो तेवढा सागात नाही. म्हणून भाव ठरवण्याआधी मोडून बघावं. तोडीची परवानगी घेतलेली आहे असं धरतो.

१. काठ्या काढा. सगळी मेहनत इथेच आहे. १ सेंमी चौरस, ३० सेंमी लांब अशा पाच काठ्या मधल्या भेंडीलगतच्या (भेंडी म्हणजे खोडाच्या मध्यातला मऊ गाभा) आणि पाच सालीकडच्या काढा. खुणा करून दोन्ही गठ्ठे वेगळे ठेवा. मिसळले तर चाचणी करण्यात अर्थ नाही. लाकडाच्या रेषा काठीच्या लांबीला समांतर हव्यात. गाठ दिसली की काठी बाद. रंधा मारल्यावर जाडी मध्यावर व्हर्नियरने (बारीक मापाच्या सरकपट्टीने) मोजा. जाडी अर्धा मिलिमीटर कमी भरली तरी काठी दहा टक्के कमी वजनावर मोडते.

२. वाळवा. ओलं लाकूड वाळलेल्यापेक्षा कमजोरच असतं. काठ्या सावलीत, वाऱ्यावर ठेवा आणि रोज वजन करा. वजन उतरायचं थांबलं की तयार. कोकणात जुलैत मोडलेली काठी आणि मार्चमध्ये मोडलेली काठी यांची तुलना करू नका. दोन्ही गठ्ठे एकाच दिवशी मोडा.

३. मोडा. दोन भक्कम टेबलांवर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचे तुकडे पक्के बसवा, दोन्हींच्या मध्यांत २८ सेंमी अंतर ठेवा आणि वर काठी आडवी टाका. मधोमध रुंद पट्टा अडकवून बादली टांगा (तार नको, ती लाकडात रुतते). बादलीत मगाने हळूहळू वाळू घाला. डोळ्यांना चष्मा लावा, बादलीखाली गोणपाट अंथरा. एकूण वजन पाच किलो झालं की थांबून मध्य किती खाली आला ते मोजा: चांगला पक्व साग दोन-अडीच मिलिमीटर वाकतो. मग मोडेपर्यंत वाळू घालत राहा आणि शेवटी बादली पट्ट्यासकट तोला.

४. हिशेब. मोडतानाचे किलो गुणिले ४२ केले की ताकद किलो प्रति चौरस सेंमीमध्ये मिळते. २० किलोला मोडली तर ८४०. पक्व, वाळलेल्या सागाचा आकडा साधारण ९५०. प्रयोगशाळेत लाकूड चाचणीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १७०८) २ सेंमी चौरस काठी याच अंतरावर मोडतात, पण तिला आठपट वजन लागतं. ते बादलीचं काम नाही.

आकड्याइतकंच मोडलेलं टोकही बघा. खालच्या बाजूला लांब चिरफाळ्या निघाल्या तर लाकूड चिवट. गाजरासारखं कटकन आडवं तुटलं तर ठिसूळ. भेंडीलगतच्या काठ्या अशा तुटल्या आणि सालीकडच्या टिकल्या, तर सोट कापताना मधला पट्टा वेगळा काढून खोक्यांना लावा, आणि खुर्चीचे पाय बाहेरच्या लाकडातून काढा.